तांब्याला पोचा कुठं पडलाय? मुलांना स्थिरचित्र आणि गोष्ट एकत्र शिकवताना

मराठी शाळेत शिकलेल्या प्रत्येकानं कधी ना कधी ‘फाटक्या छत्रीचे आत्मवृत्त’ लिहिलेलं असतं. छत्री दुकानात टांगलेली असते, मालक तिला विकत घेतो, ती इमानेइतबारे त्याची सेवा करते, मग फाटते, अडगळीत पडते आणि जाता जाता जगाला चार उपदेशाचे शब्द सुनावते. छत्रीच्या जागी घड्याळ घाला, चप्पल घाला, निबंध तोच. चित्राच्या वहीतही तसंच. दोन डोंगर, मधोमध सूर्य, खाली नदी, काठावर झोपडी. खानापूरच्या जंगलाकाठचं पोरगं हेच काढतं आणि निपाणीच्या बसस्टँडमागं राहणारंही हेच काढतं.

दोन्हीकडं दुखणं एकच आहे. हात चालतो, डोळा चालत नाही. म्हणून मी स्थिरचित्र आणि गोष्ट एकाच तासात बांधते. समोर ठेवलेल्या वस्तू बघून चित्र काढायचं आणि त्याच वस्तूंतून गोष्ट काढायची. अट एकच: गोष्टीतल्या प्रत्येक वळणाला चित्रात बोट ठेवून जागा दाखवता आली पाहिजे. ‘तांब्या पडला’ असं लिहिलंस ना, मग पोचा दाखव. ‘रात्र झाली’ म्हणतोस, मग सावली दाखव. या अटीमुळं गोष्ट सुधारते हे तर खरंच, पण चित्र त्याहून जास्त सुधारतं, कारण गोष्टीच्या लोभानं मूल त्या वस्तूकडं परत परत बघत राहतं.

खाली दिलेला क्रम साधारण ८ ते १३ वर्षांच्या मुलांसाठी आहे. दहा-बारा मुलं आणि दीड-दीड तासाच्या दोन बैठका धरल्या आहेत. दोन्हींत आठवड्याचं अंतर असेल तर उत्तम. शाळेत पस्तीस मिनिटांचाच तास मिळत असेल, तर प्रत्येक बैठकीचे तीन तुकडे करा. सहा-सात वर्षांच्या पोरांचं गणित निराळं आहे, ते पुढं येईल.

वस्तू कुठल्या आणायच्या

प्लॅस्टिकची फळं आणि दुकानातली चकचकीत फुलदाणी आधी बाजूला ठेवा. त्यांच्या अंगावर काहीच घडलेलं नसतं. आपल्या बेळगाव भागातल्या घरांत आणि माळ्यांवर इतकं काही पडलेलं असतं की बाहेर शोधायची गरज नाही. तांब्या, चंबू, बिंदगी म्हणजे पाण्याची घागर, अडकित्ता, खलबत्ता, रोवळी, वेताची बुट्टी, कंदील, फुंकणी. मुलांना सांगायचं, ‘वापरलेली वस्तू आणा. नवी आणली तर परत पाठवीन.’ आणि घरी एक निरोप आवर्जून पाठवायचा: घासू नका. क्लासला न्यायचा म्हटल्यावर आया तो तांब्या चिंच लावून असा लखलखीत करून देतात की त्याची निम्मी गोष्ट मोरीतच वाहून जाते.

आपल्या जिल्ह्यातल्या काही वस्तू या कामासाठी फारच चांगल्या आहेत.

खानापूरचं लाल मातीचं मडकं. तिथल्या कुंभारकामाचं नाव मोठं आहे, खादी ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकामाची प्रशिक्षण संस्थाही खानापुरातच आहे. मडकं चकाकत नाही, त्यामुळं उजेडापासून अंधारापर्यंतच्या छटा त्याच्यावर स्वच्छ दिसतात. नवशिक्या मुलासाठी याच्याइतकी सोपी वस्तू नाही. आत बघितलं तर चाकावर फिरताना कुंभाराच्या बोटांनी उठलेल्या रेघा दिसतात. आव्यात भाजताना ज्या अंगाला हवा कमी मिळाली तिथं काळपट डाग राहतो. हा डाग मुलांना नेमका ‘खराबी’ वाटतो आणि ती तो काढायचा टाळतात. तोच आधी काढायला लावा.

शहापूर, वडगाव या विणकरांच्या भागातून मूल येत असेल तर घरी मागावरचा जुना लाकडी धोटा असण्याची शक्यता आहे. होडीसारखा आकार, दोन्ही टोकांना धातूची टोकं, आणि हातांनी घासून घासून आलेली झिलई. गोष्टीसाठी म्हणाल तर धोट्यात गतीच भरलेली आहे. तो इथं नुसता पडलाय याचा अर्थ माग थांबलाय. कशामुळं थांबला?

तिसरी वस्तू, पायातली. कोल्हापुरी चप्पल नावानं कोल्हापूरची, पण अथणी, निपाणीकडं ती पिढ्यान्‌पिढ्या बनते. २०१९ साली तिला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा महाराष्ट्रातल्या चार जिल्ह्यांबरोबर कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट आणि विजापूर हेही चार जिल्हे त्यात होते. जुन्या चपलेत अंगठ्याचा काळा ठसा उमटलेला असतो, टाच एका अंगानं झिजलेली असते. मालक कसा चालत होता हे चप्पलच सांगते. मी जोडी कधीच मांडत नाही, एकच पाय मांडते. मुलं लगेच विचारतात, ‘टीचर, दुसरी कुठाय?’ निम्मं काम तिथंच झालेलं असतं.

आणि गोकाकची लाकडी फळं. हलक्या लाकडाची, वरून रंगवलेली, लांबून हुबेहूब खरी वाटणारी. ती एकटी नको. शेजारी खरं केळं ठेवा. पहिल्या बैठकीत दोन्ही पिवळी असतात. आठवड्यानं दुसऱ्या बैठकीला खरं केळं काळं पडून मऊ झालेलं असतं, लाकडी होतं तसंच. वेळ जातो म्हणजे काय होतं, हे याहून सोपं करून सांगता येत नाही.

काय आणू नये तेही सांगून ठेवा. देवघरातल्या वस्तू, देवीची परडी, कुणाच्या पूजेची भांडी नकोत. घरच्यांच्या मनाला लागतं आणि मुलालाही त्यांच्याविषयी मोकळेपणानं गोष्ट रचता येत नाही. काच आणि स्टील सुरुवातीला टाळा. स्टीलच्या डब्यात अख्खा वर्ग, खिडकी आणि स्वतःचं नाक दिसतं, मग मूल भांडं सोडून तेच काढत बसतं. इरकल काठाचं कापड दिसायला देखणं, पण नक्षीतच तास संपतो.

वस्तू देताना घरी दोन-तीन गोष्टी विचारून यायला सांगा: ही कुणी आणली, आता कोण वापरतं, हिला कधी काही झालं का. लिहून आणायची सक्ती नको. आणि ऐकलेलं वर्गात सांगण्याचीही नको. काही घरांत तांब्याला पोचा पडण्याचं कारण भांडण असतं.

मांडणी आणि उजेड

एका मांडणीत तीनच वस्तू. एक उभी, एक बसकी, एक आडवी पडलेली. त्यातली एक विजोड हवी. तांब्या, लोटकं आणि परात मांडली तर ते स्वयंपाकघर झालं. तिथं धोटा ठेवला की प्रश्न तयार होतो. वस्तू एकमेकींच्या थोड्या आड येऊ द्या, म्हणजे पुढची-मागची कळते. दोन वस्तूंच्या कडा नुसत्या टेकल्यात असं मात्र दिसू देऊ नका, चित्रात त्या चिकटल्यासारख्या दिसतात. खाली साधा पांढरा पंचा किंवा जुनं धोतर चालतं. इस्त्री नको, दोन-चार चुण्या हव्यात.

बारा मुलांना एक मांडणी पुरत नाही. दोन करा, प्रत्येकीभोवती सहा जण अर्धगोल बसवा, पाच-सहा फुटांवरून. मांडणी डोळ्यांच्या पातळीच्या खाली असावी. मुलं जमिनीवर बसणार असतील तर पाटावर किंवा बुटक्या स्टुलावर मांडा, बाकांवर बसणार असतील तर टेबलावर.

उजेड एकाच बाजूनं यायला हवा. दारातून किंवा खिडकीतून येणारा सर्वांत चांगला. ट्यूबलाइट बंद करा. वरून सगळीकडं सारखा पडणारा उजेड सावल्या खाऊन टाकतो. जुन्या कौलारू घरात काचेच्या कौलातून उन्हाची तिरीप येते. दिसते सुंदर, पण अर्ध्या तासात ती तांब्यावरून उतरून चपलेवर जाते आणि मुलं गोंधळतात. जुलैमध्ये खानापूर-जांबोटीकडं दुपारी दोनलाही संध्याकाळ वाटते, तेव्हा ९ वॅटचा एक एलईडी बल्ब बाजूनं आणि थोडा वरून लावायचा. उघडा, शेडशिवाय असला तरी चालतो.

मांडून झालं की प्रत्येक वस्तूच्या बुडाभोवती खडूनं रेघ मारा आणि मोबाइलवर फोटो काढून ठेवा. पुढच्या आठवड्यात हे सगळं तसंच्या तसं मांडायचं आहे.

बाकी साहित्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. कार्ट्रिज पेपरचा पाव ताव, म्हणजे ११ × १५ इंच. २बी आणि ६बी पेन्सिल, पाठीमागं धरायला पुठ्ठा, दोन चाप. खोडरबर पहिला अर्धा तास माझ्याकडं जमा. चुकीची रेघ समोर राहिली तरच बरोबर रेघ तिच्या शेजारी कुठं मारायची ते कळतं. पुसून टाकली की मूल तीच चूक त्याच जागी पुन्हा काढतं, हे कुठल्याही चित्रकलेच्या मास्तरांना विचारा.

पहिली बैठक: डोळ्याला कामाला लावणं

सुरुवातीची पाच मिनिटं पेन्सिल हातात द्यायची नाही. नुसतं बघायचं. मग सगळ्यांना पाठ फिरवून बसवायचं आणि प्रश्न विचारायचे. कंदिलाची किल्ली कुठल्या बाजूला आहे? चपलेचा अंगठा कुणाकडं तोंड करून आहे? सावली तांब्याच्या उजवीकडं की डावीकडं? छातीठोकपणे चुकीची उत्तरं येतात, वर्गात हशा पिकतो. पुन्हा वळल्यावर मुलं ज्या नजरेनं बघतात ती नजर आपल्याला हवी असते.

मग एका वेगळ्या कागदाला भोक पाडून त्यातून पेन्सिल खाली घालायची, म्हणजे काढणारा हात झाकला जातो. वस्तूच्या कडेवर एक मुंगी हळूहळू चाललीय असं समजायचं आणि डोळा तिच्याबरोबर जाईल तेवढीच पेन्सिल न उचलता चालवायची. तीन मिनिटं. निघालेलं चित्र वेडंविद्रं असतं, पण त्यातल्या एखाद्या वळणात असा जिवंतपणा असतो की नंतरच्या ‘चांगल्या’ चित्रात तो येत नाही. हे कागद फेकू देऊ नका.

यानंतर चौकट. जुन्या लग्नपत्रिकेच्या जाड कागदात कागदाच्याच प्रमाणात आयताकृती खिडकी कापायची. पाव तावासाठी २.२ × ३ इंच बरोबर बसते. एक डोळा मिटून तिच्यातून बघत पुढं-मागं, आडवं-उभं करायचं. कुठलं घ्यायचं, कुठलं कापायचं हे मुलानंच ठरवायचं. गोष्टीचा पहिला निर्णय इथं होतो. कोण आत आणि कोण बाहेर.

माप घेणं सोपं आहे, फक्त शिस्त लागते. हात कोपरातून ताठ, एक डोळा बंद, पेन्सिल उभी धरायची. पेन्सिलचं टोक तांब्याच्या काठाशी, अंगठा बुडाशी. हे झालं एक माप. आता याच मापानं चप्पल किती लांब, कंदील किती उंच? कोपर वाकलं की माप बदलतं, म्हणून वर्गात फिरताना मी फक्त कोपरं बघत असते.

आता खरा घाट येतो: भांड्याचं तोंड. यावर वेळ खर्च करा, बाकी काही राहिलं तरी चालेल.

मुलाला माहीत असतं की तांब्याचं तोंड गोल आहे, म्हणून ते वरती गोल काढतं. त्याला हेही माहीत असतं की तांब्या सपाट जमिनीवर बसलाय, म्हणून ते बुडाला सरळ रेघ मारतं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि दोन्ही दिसत नाहीत. समजावून सांगण्यात वेळ घालवू नका. प्रत्येकाच्या हातात एक बांगडी द्या, साधी काचेची हिरवी. डोळ्यांसमोर आडवी धरली की ती नुसती रेघ दिसते. हळूहळू खाली नेली की उघडत जाते. आधी बारीक लंबगोल, मग फुगीर, मग मांडीवर ठेवून वरून बघितली की पूर्ण गोल. डोळ्याच्या पातळीपासून जितकी खाली, तितकी उघडी. मग तांब्याचं तोंड वर आहे आणि बूड खाली, तर जास्त उघडा लंबगोल कुणाचा? बुडाचा. हे एकदा हातानं कळलं की मूल आयुष्यात पुन्हा सपाट बूड काढत नाही.

काढताना मागची न दिसणारी बाजूही हलक्या रेघेनं पूर्ण काढायची, जणू भांडं काचेचं आहे. लंबगोलाच्या दोन्ही टोकांना कोपरे येऊ द्यायचे नाहीत. तिथं वळण असतं, टोक नसतं. काठाची जाडी दाखवायला आत दुसरा लंबगोल. मधून एक उभी रेघ खाली सोडली की डावी-उजवी बाजू सारखी आहे का ते तपासता येतं. पोचा मात्र शेवटी काढायचा, आधी भांडं सारखं होऊ द्या, मग ते चेपा.

कंदिलाची कडी, अडकित्त्याच्या मुठी, फुंकणी आणि मडक्यामधली फट, अशा ठिकाणी वस्तू विसरून मधल्या रिकाम्या जागेचा आकार काढायला सांगा. रिकाम्या जागेला नाव नसतं, त्यामुळं मुलाच्या डोक्यात तिचं तयार चित्र नसतं आणि ते निमूटपणे दिसेल तसं काढतं.

छटा तीनच ठेवा. कागदाचा पांढरा, मधला, आणि ६बी आडवी घासून येणारा काळा. डोळे बारीक करून बघायचं, बारीकसारीक गोष्टी पुसट होतात आणि उजेड-अंधाराचे मोठे तुकडे राहतात. वस्तू जमिनीला टेकते तिथं सावली सर्वांत काळी असते, दूर जाताना फिकी होत जाते. ही काळी रेघ नसेल तर तांब्या हवेत तरंगतो.

चित्रातून गोष्टीकडं

पहिल्या बैठकीची शेवटची वीस मिनिटं गोष्टीसाठी राखून ठेवायची. लिहायचं नाही, जोडीनं बोलायचं. एकानं विचारायचं, दुसऱ्यानं सांगायचं, मग उलट. प्रश्न फळ्यावर लिहून ठेवते:

काय दिसतंय? हे कशानं झालं असेल? पाच मिनिटांपूर्वी इथं काय घडलं? पाच मिनिटांनी काय होणार? चौकटीबाहेर कोण उभं आहे?

क्रम मोडू द्यायचा नाही. पहिल्या प्रश्नाला ‘तांब्या दुःखी दिसतोय’ असं उत्तर आलं तर मी विचारते, ‘कुठं दिसतंय? बोट ठेव.’ बोट ठेवता येत नाही. मग ‘तांब्या एका अंगाला कललाय, कारण बुडाला पोचा आहे’ असं उत्तर येतं. हे चालतं.

एका मुलीचं कंदिलाचं चित्र चाललं होतं. ती म्हणाली, ‘टीचर, काच एकाच बाजूला काळी झालीय बघा की. दुसरीकडं स्वच्छ हाय.’ मी म्हटलं, ‘मग ते काढलंस का?’ ‘काढलंय, खरं कशानं झालंय ते कळंना.’ वात वाकडी कापली गेली की ज्योत एका अंगानं वर चढते आणि त्या बाजूची काच काजळते, एवढंच मी सांगितलं. बाकीचं तिनं केलं:

‘आजीनं वात वाकडी कापली. आजी कधीच वाकडी कापत नाही. त्या रात्री गोठ्यातून म्हैस ओरडत होती आणि लाइट गेली होती. कात्री सापडली नाही म्हणून आजीनं विळीवरच कापली. गोठ्यात जाताना एक चप्पल चिखलात रुतली. आजी तशीच गेली. सकाळी रेडकू उभं होतं आणि कंदील अजून जळत होता. कुणी विझवायचं ते कुणाच्या ध्यानातच नव्हतं.’

कंदिलाची काच, एकच चप्पल, पडलेली फुंकणी अशी तिची मांडणी होती. फुंकणीचं काय, असं एका मुलानं विचारलं. ती म्हणाली, ‘ती आजीची न्हाई, ती नुसती तिथं हाय.’ मीही सोडून दिलं. प्रत्येक वस्तूला गोष्टीत काम असलंच पाहिजे असा माझा हट्ट नाही. उलट दिशेचा आहे: गोष्टीत जे आहे त्याची खूण चित्रात हवी.

मोठ्या मुलांना इथं थोडा इतिहास सांगता येतो. सतराव्या शतकातले डच चित्रकार टेबलावर विझलेली मेणबत्ती, अर्धं सोललेलं लिंबू, खिशातलं घड्याळ असं मांडून चित्रं काढत. माणूस चित्रात नसे, पण नुकताच उठून गेलाय हे कळे. इटलीतल्या बोलोन्याचा जॉर्जो मोरांदी (१८९०–१९६४) आयुष्यभर त्याच त्या बाटल्या आणि डबे मांडून काढत राहिला. आणि लांब कशाला जायचं? बोधचित्रांसाठी नावाजलेले रवी परांजपे मूळचे बेळगावचेच, बेळगावात चित्रकार के. बी. कुलकर्णींच्या हाताखाली शिकलेले. गोष्टीसाठी चित्र काढणं हे पोटापाण्याचं काम होऊ शकतं हे मुलांना, आणि विशेषतः त्यांच्या आईवडिलांना, कुणीतरी सांगायला हवं.

दुसरी बैठक: गोष्टीनं चित्र बदलणं

मांडणी खडूच्या रेघांवर पुन्हा लावा. केळं असेल तर ते काळं पडलेलंच ठेवा. आज मुलांनी आधी एका पट्टीवर काडेपेटीएवढ्या तीन चौकटी काढायच्या: आधी, आत्ता, नंतर. प्रत्येकीला दोन-तीन मिनिटं पुरेत. मग तिघींतली एक निवडायची आणि तीच मोठी काढायची. बहुतेक मुलं ‘नंतर’ निवडतात, कारण तिथं काहीतरी पडलेलं, फुटलेलं असतं. ‘आधी’ निवडणाऱ्या मुलाकडं लक्ष ठेवा, त्याला गोष्ट सांगण्याची अंगची समज असते.

मोठं चित्र काढताना मांडणीत एक बदल करायची मुभा आहे, एकच. वस्तू आडवी करा, जागा बदला, किंवा काढून टाका. बदल प्रत्यक्ष मांडणीत करायचा आणि बघूनच काढायचा, मनानं नाही. सहा जणांना सहा बदल हवे असतात, तेव्हा दहा-दहा मिनिटांच्या पाळ्या लावाव्या लागतात. थोडी भांडणं होतात.

उजेडाचा खेळ आज करायचा. बल्ब वर धरला तर सावली आखूड, खाली आणला तर लांबच लांब. मुलं चटकन म्हणतात, दुपार, संध्याकाळ. बल्ब वस्तूंच्या मागं नेला की वस्तू काळ्या आणि सावल्या आपल्या अंगावर येणाऱ्या. गोष्टीत भीती असेल तर हा उजेड. ज्याला जी वेळ हवी ती त्यानं निवडायची आणि चित्रातल्या सगळ्या सावल्या एकाच बाजूला पडल्यात ना ते तपासायचं.

शेवटचा अर्धा तास लिखाण. आठ-दहा वाक्यं, जास्त नकोत. पहिलं वाक्य दिसणाऱ्या गोष्टीचं हवं. ‘एकदा काय झालं’ आणि ‘मी तांब्या बोलतोय’ यांना त्या दिवशी सुट्टी. शेवटचं वाक्य उपदेशाचं असेल तर ते खोडायचं. मुलं तात्पर्य लिहिल्याशिवाय थांबत नाहीत, इतकी वर्षं आपणच तशी सवय लावलीय. खोडलं की बहुतेकदा त्याच्या आधीचं वाक्य शेवटासाठी बरोबर निघतं.

बोलण्याच्या वाक्यांत भाषेची अडवणूक करू नका. बसचा कंडक्टर, बाजारातला भाजीवाला, सौंदत्तीच्या वाटेवर भेटलेली म्हातारी ही माणसं मुलांच्या कानात कन्नडच बोलत असतात. ते वाक्य कन्नडमध्येच येऊ द्या, देवनागरीत लिहा नाहीतर कन्नड लिपीत. आपल्याकडच्या पोरांना दोन्ही वाचता येतात.

लिखाण चित्राखाली किंवा बाजूच्या रिकाम्या जागेत, पेन्सिलनंच. वस्तूंच्या तोंडातून फुगे काढू देऊ नका. फुगा आला की तांब्याला डोळे येतात, डोळ्यांमागून मिशा येतात.

जे हमखास होतं

भुतं येतात. कंदील मांडला तर निम्म्या वर्गाच्या गोष्टीत भूत असतं. मी भुताला हरकत घेत नाही, नियम लावते: भुतानं कशाला हात लावला, खूण कुठं आहे? एकानं धुळीत उमटलेलं बोट दाखवलं, ते चांगलंच होतं. बाकीच्यांची भुतं आपोआप गळाली.

पाच मिनिटांत ‘झालं!’ म्हणणारं एक मूल असतंच. त्याला दुसरा कागद देऊ नका. वस्तूवरची न काढलेली तीन ठिकाणं शोधून ये म्हणावं. शेजाऱ्याचं बघून काढणाराही असतो, त्याला रागवण्यापेक्षा जागेवरून उठवून पलीकडच्या टोकाला बसवा. तिथून चपलेची दुसरीच बाजू दिसते, नक्कल चालतच नाही. नऊ-दहाच्या वयाला ‘मला येतच नाही’ सुरू होतं, कारण तोवर मुलाला आपलं चित्र आणि समोरची वस्तू यांतला फरक दिसायला लागलेला असतो. त्याला ‘छान काढलंयस’ म्हणून उपयोग नाही, त्याला ते खोटं आहे हे कळतं. ‘कडीचं हे वळण बरोबर पकडलंस, इथं माप पुन्हा घे’ असं म्हणा.

सहा-सात वर्षांच्या मुलांना माप, लंबगोल यातलं काही सांगू नका. वस्तू कापडी पिशवीत घाला, हात घालून चाचपू द्या, काय असेल ते ओळखू द्या, मग बाहेर काढून तेलखडूनं कागदभर मोठं काढू द्या. गोष्ट तोंडी. तुम्ही शेजारी बसून ती मूल जशी सांगेल तशी लिहून घ्यायची, व्याकरण न सुधारता.

चित्रं भिंतीवर लावाल तेव्हा खाली खऱ्या वस्तू ठेवा. येणारे पालक वाचतात, खाली वाकतात, पोचा शोधतात. चित्राला नंबर देऊ नका, दिले की पुढच्या वेळी सगळे पहिल्या नंबराचं चित्र काढतात. वस्तूंना सुरुवातीलाच नावाची चिठ्ठी बांधून ठेवलेली असू द्या, नाहीतर कुणाची फुंकणी कुणाच्या घरी जाते.

कर्नाटकच्या लोअर-हायर ड्रॉइंग परीक्षांना बसणाऱ्या मुलांचे पालक विचारतात, यात गोष्टीचा काय उपयोग? गोष्टीला तिथं गुण नाहीत. बांगडीनं शिकलेला लंबगोल, ताठ कोपरानं घेतलेलं माप आणि एका बाजूची सावली यांना आहेत. परीक्षेआधीचे दोन आठवडे गोष्ट बंद ठेवा आणि घड्याळ लावून नुसती वस्तुचित्रं काढून घ्या.

वर्ग चालू ठेवायचा असेल तर पुढच्या वेळी सगळं नवं मांडू नका. तीनपैकी एक वस्तू तीच राहू द्या, दोन बदला. पहिल्यांदा ज्यानं कंदील काढला त्यानं आता तांब्या काढावा आणि गोष्ट मागच्याच घरातली पुढं न्यावी. ज्याची गोष्ट पुढं जात नसेल त्याला शेजाऱ्याची उचलू द्या, फक्त त्याचं चित्र एकदा नीट बघून.